विश्लेषण : चिलखती शत्रूवर पाणी ओता, नाहीतर अंगाई गा! ‘अंडरटेल’मधल्या ‘नाइट’शी लढायचं तरी कसं?

मे महिन्यात दुपारी दोन वाजता चंद्रपूरच्या जटपुरा गेटजवळ एखादा माणूस डोक्यापासून पायापर्यंत लोखंडी चिलखत चढवून, हातात भाला घेऊन तुमच्या मागे धावला तर काय होईल? चंद्रपूरकर क्षणात उत्तर देईल : तुम्हाला काही होणार नाही, जे व्हायचं ते त्यालाच होईल. पन्नास पावलांवर तो आडवा होईल आणि मग कुणीतरी पाण्याची बाटली घेऊन धावेल.

नेमका हाच प्रसंग जगातल्या सर्वात गाजलेल्या विनोदी व्हिडीओ गेमपैकी एकात आहे. गेमचं नाव ‘अंडरटेल’. १५ सप्टेंबर २०१५ रोजी तो आला, म्हणजे २०२५मध्ये त्याला दहा वर्षं पूर्ण झाली. त्यात चिलखत घातलेले शत्रू एकापाठोपाठ एक समोर येतात आणि त्यांच्याशी लढण्याचा सर्वात चांगला मार्ग बहुतेक वेळा न लढण्याचा असतो. हे नेमकं कसं चालतं, त्यात हसण्यासारखं काय आहे आणि ‘एन्काउंटर’ हा शब्द रोजच्या बातमीत वाचणाऱ्या गडचिरोली-चंद्रपूरच्या वाचकाला हा खेळ थोडा वेगळा का वाटू शकतो, ते पाहू.

‘नाइट’ म्हणजे नेमकं कोण?

मध्ययुगीन युरोपातला घोड्यावरचा चिलखती योद्धा म्हणजे नाइट. मराठीत त्याला चपखल शब्द नाही. ‘सरदार’ म्हणावं तर जहागीर आली, ‘शूरवीर’ म्हणावं तर चिलखत गेलं. बुद्धिबळात इंग्रजी पटावर जो नाइट असतो, त्याचा आपण सरळ घोडा केला. स्वार कुठे गेला हे कुणी विचारलं नाही.

गेमच्या दुनियेत मात्र नाइट हा पहिल्यापासूनचा भाडेकरू. १९७४मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा भूमिकांचा खेळ अमेरिकेत आला. त्याचीच रचना पुढे कॉम्प्युटर आणि टीव्हीवरच्या गेमनी उचलली. १९८६च्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये कुऱ्हाड घेतलेला नाइट शत्रू म्हणून येतो, तुम्ही त्याला मारता, तुम्हाला सोनं आणि अनुभवाचे गुण मिळतात, की पुढे चला. तो कोण, कुठला, का लढतो, याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं. पुढची कित्येक वर्षं हाच साचा चालला.

नाइटची टिंगलही तितकीच जुनी आहे. स्पेनच्या सर्व्हान्तेसने ‘डॉन किहोते’चा पहिला भाग १६०५मध्ये छापला, त्यातला म्हातारा स्वतःला नाइट समजून पवनचक्क्यांवर चाल करून जातो. ‘अंडरटेल’ने या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या : साचा गेमचा, नजर टिंगलीची. पण टिंगल करता करता त्याने त्या शत्रूला माणूसही करून टाकलं. ही दुसरी गोष्ट जास्त अवघड होती.

एका माणसाचा गेम

टोबी फॉक्स या अमेरिकी तरुणाने गेम जवळजवळ एकट्याने बनवला. कथा, संवाद, संगीत आणि प्रोग्रामिंग त्याचं. चित्रांच्या कामात टेमी चँग हिची मोठी मदत. २०१३मध्ये त्याने लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५ हजार डॉलर मागितले, जमले ५१ हजारांच्या वर. गेम ‘गेममेकर’ या तयार साधनावर उभा आहे. हौशी विद्यार्थी ज्यावर पहिला गेम करून बघतात, त्याच जातीचं हे साधन. चित्रं इतकी साधी की १९९०च्या आसपासच्या टीव्ही गेमची आठवण यावी.

गोष्ट अशी : माणसं आणि राक्षस यांच्यात फार पूर्वी युद्ध झालं, राक्षस हरले आणि त्यांना डोंगराखाली कोंडून वर जादूचा पडदा लावण्यात आला. तो पडदा फोडायला सात मानवी आत्मे लागतात. सहा जमले आहेत. आणि एक लहान मूल चुकून खाली पडतं. ते मूल म्हणजे तुम्ही. म्हणजे खाली राहणाऱ्या प्रत्येकासाठी तुम्ही सुटकेची किल्ली आहात. तुमच्या मागे भाला घेऊन धावणाऱ्याकडे त्याचं स्वतःचं कारण आहे, आणि ते काही अगदीच चुकीचं नाही.

लढाई चालते कशी?

शत्रू समोर आला की पडद्यावर चार बटणं दिसतात : लढा, कृती करा, सामान वापरा, दया करा. तुमची पाळी झाली की शत्रूची पाळी येते. तेव्हा एका चौकोनात लाल बदाम दिसतो, तो तुमचा जीव. शत्रूचा मारा चुकवत तो बदाम इकडून तिकडे पळवायचा.

खरी गंमत ‘कृती’च्या बटणात आहे. प्रत्येक शत्रूसाठी तिथे वेगळे पर्याय असतात. कुणाशी गप्पा मारा, कुणाचं कौतुक करा, कुत्र्याला गोंजारा. योग्य ते केलं की शत्रूचं नाव पिवळं होतं, मग ‘दया’ दाबा आणि लढाई संपली. कुणी मेलं नाही. पण अनुभवाचे गुणही मिळत नाहीत, त्यामुळे तुमची ताकद वाढत नाही. पुढचा प्रवास तुम्हाला त्याच तुटपुंज्या जिवावर करावा लागतो. दया फुकट मिळत नाही, हे गेम शब्दांत न सांगता आकड्यांत सांगतो.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांना यातला आणखी एक भाग आवडेल. तुम्ही कुणाला मारलं, कुणाला सोडलं याची नोंद गेम ठेवतो. सुरुवातीलाच तुम्हाला आईसारखं जपणारी टोरिएल भेटते. तिला मारलं, वाईट वाटलं, म्हणून गेम बंद करून जुन्या जागेपासून पुन्हा सुरू केला आणि या वेळी तिला वाचवलं, तरी पुढे एक पात्र येऊन तोंडावर सांगतं की तू काय केलं होतंस ते मला माहीत आहे. इतर गेममध्ये ‘सेव्ह फाइल’ म्हणजे पाटी पुसण्याची सोय. इथे पाटी पुसली तरी खडूची पांढरट खूण राहते.

नाइट नंबर एक : उन्हात कोसळलेली कप्तान

राजाच्या रक्षकदलाची प्रमुख अनडाइन ही या गेममधली मुख्य नाइट. माशासारखी दिसणारी स्त्री, अंगभर चिलखत, हातात जादूचे भाले. गेमचा बराच भाग ती तुमच्या मागावर असते. शेवटी गाठते तेव्हा तुमच्या हातात ढाल देते. मग भाल्यांचा पाऊस सुरू होतो.

इथे तुम्ही कितीही विनवण्या केल्या तरी ती ऐकत नाही. मारायचं नसेल तर एकच उपाय उरतो : पळा. बदाम लाल झाला की पळ काढायचा, ती पुन्हा गाठते, पुन्हा पळायचं. ‘पळाला तो वाचला’ ही गोष्ट गावच्या पारावर चेष्टेने सांगतात. इथे तीच अधिकृत रणनीती आहे.

पळत पळत तुम्ही तप्त लाव्हाच्या प्रदेशात शिरता. अनडाइन मागे येते, चिलखतासह. चार पावलं टाकते आणि उष्णतेने कोसळते. जवळच पाण्याचा कूलर ठेवलेला असतो. आता काय करायचं ते तुमच्यावर. ती पडली आहे, तुम्ही निघून जाऊ शकता.  किंवा कूलरमधून ग्लासभर पाणी घेऊन तिच्यावर ओतू शकता. पाणी ओतलं की ती उठते, तुमच्याकडे बघते आणि एक अक्षर न बोलता परत जाते.

संवाद नाही, भाषण नाही. पारा ४५च्या वर जातो तेव्हा चंद्रपूरच्या रस्त्यावर पाणपोईचा माठ कुणी कुणासाठी ठेवला हे विचारत नाही; हा प्रसंग समजायला इथल्या वाचकाला मार्गदर्शिका लागू नये. युरोप-अमेरिकेतल्या खेळाडूला कूलर हा विनोद वाटतो. विदर्भात तो विनोद आहेच, पण त्याआधी साधी रीत आहे.

पुढे हीच अनडाइन तुम्हाला घरी बोलावते, चहा पाजते आणि शेवया शिकवण्याच्या नादात स्वतःचं घर पेटवते. तो भाग स्वतः खेळून बघावा.

नाइट नंबर दोन आणि तीन : घामाघूम जोडी

त्याच तप्त भागात दोन चिलखती पहारेकरी वाट अडवतात. त्यांना नावं नाहीत, नुसते क्रमांक : ०१ आणि ०२. इथे ‘कृती’मध्ये एक पर्याय असतो, चिलखत पुसून स्वच्छ करण्याचा. ०२चं चिलखत पुसलं की त्याला आणखी उकडतं आणि तो वरचं चिलखत काढून टाकतो. ते पाहून ०१ची बोबडी वळते, कारण त्याचं ०२वर प्रेम आहे आणि हे त्याने आजवर सांगितलेलं नाही. तुम्ही ०१च्या कानात कुजबुजता : मनातलं बोल. तो बोलतो. लढाई संपते, दोघांचा आइस्क्रीम खायला जायचा बेत ठरतो.

नाइट नंबर चार : ज्याला झोपवावं लागतं

आणि आता तो शत्रू, ज्याच्या नावावर मराठीत स्वतंत्र परिच्छेद लिहायला हवा. गेमच्या शेवटाकडे एका वीजकेंद्रासारख्या भागात भाडोत्री सैनिक भेटतात. त्यातला सर्वात आडदांड म्हणजे ‘नाइट नाइट’. त्याच्या शस्त्राचं नाव ‘गुड मॉर्निंगस्टार’.

इंग्रजीत ‘नाइट’ म्हणजे योद्धा आणि ‘नाइट’ म्हणजे रात्र, यांचा उच्चार एक, स्पेलिंग वेगळं. लहान मुलाला झोपवताना तिकडे ‘नाइट नाइट’ म्हणतात. ‘मॉर्निंगस्टार’ हे काटेरी गोळा लावलेलं मध्ययुगीन शस्त्र, त्याला पुढे ‘गुड’ जोडलं की होतं शुभ सकाळ. इंग्रजी वाचणाऱ्याला स्पेलिंगमुळे विनोद अर्धा कळतो, अर्धा कानाने पकडावा लागतो. देवनागरीत मात्र दोन्ही ‘नाइट’ अक्षर न् अक्षर सारखे. मूळ भाषेपेक्षा आपल्या लिपीत जास्त स्वच्छ बसणारा विनोद रोज सापडत नाही.

तर हा शुभ सकाळवाला (कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर असा एक तरी असतोच) हरवायचा कसा? ‘कृती’मध्ये पर्याय आहे : गा. तुम्ही अंगाई गाता. डोंगराएवढा शस्त्रधारी पेंगायला लागतो. गाणं पुरेसं झालं की नाव पिवळं, ‘दया’ दाबा, पुढे चला. भाडोत्री सैनिकाला राजाशी घेणं नाही, तुमच्याशी वैर नाही. तो कामावर आला आहे आणि दमलेला आहे. रात्रपाळी केलेल्या कुणालाही त्याच्याबद्दल राग येणं कठीण.

‘नाइट एन्काउंटर’ : गडचिरोलीत हा शब्द वेगळा का ऐकू येतो?

गेमच्या भाषेत शत्रूशी गाठ पडणं म्हणजे ‘एन्काउंटर’. अगदी तांत्रिक शब्द. चालता चालता ठरावीक पावलांनी पडदा बदलतो आणि लढाई सुरू होते. या शत्रूची माहिती शोधायला मूल मोबाइलवर ‘नाइट एन्काउंटर’ असं बोलून सर्च करतं, आणि मोबाइल ते कसं लिहील याचा नेम नाही.

गडचिरोलीच्या घरात त्या दोन शब्दांचा अर्थ एकच : रात्रीची चकमक. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून हा जिल्हा वेगळा झाला, आणि माओवादी चळवळीने दंडकारण्यात पाय रोवले तेही त्याच दशकात. १९९०मध्ये पोलिसांचं सी-६० पथक उभं राहिलं. तेव्हापासून भामरागड, एटापल्ली, धानोरा ही नावं राज्यातल्या वाचकाला बहुतेक वेळा चकमकीच्या बातमीतच भेटली. पोलिस गेले, माओवादी गेले, खबरी असल्याच्या संशयावरून आणि गोळीबारात सापडून आदिवासी गावकरी गेले. तेव्हा घरच्यांनी मुलाच्या मोबाइलवर असा सर्च पाहून दचकणं स्वाभाविक आहे. तिथे काय दिसतंय हे आधी पाहावं, एवढंच.

दुसऱ्या बाजूने, ‘दया’चं बटण इथे अगदीच कल्पनेतलं नाही. महाराष्ट्राची आत्मसमर्पण योजना २००५पासून सुरू आहे. ऑक्टोबर २०२५मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्यासमोर शस्त्रं खाली ठेवली. मात्र गेमशी साम्य इथेच संपतं. पडद्यावर नाव पिवळं होतं आणि विषय मिटतो. प्रत्यक्षात त्यानंतर पुनर्वसन असतं, खटले असतात, आणि ज्या घरातला माणूस गेला त्या घराची आठवण असते. त्यासाठी कुठलंच बटण नाही.

‘अंडरटेल’ला हे कळत नाही असं नाही. तुम्ही भेटेल त्या प्रत्येकाला मारत, मुद्दाम शोधून मारत गेलात तर गेममधला विनोद हळूहळू आटतो. गावं रिकामी दिसतात, दुकानात कुणी नसतं. एन्काउंटर सुरू होतं, संगीत बदलतं आणि समोर नुसती ओळ येते की कुणीच आलं नाही. या मार्गावर अनडाइन पुन्हा भेटते. या वेळी ती एका लहान मुलाला वाचवायला मध्ये पडते, मरणाचा घाव सोसते आणि तरी उठून उभी राहते. ही लढाई संपूर्ण गेममधल्या सर्वात अवघड लढायांपैकी एक आहे. कथेत नायक ती आहे, राक्षस तुम्ही. शेवटाकडे उलगडा होतो की अनुभवाचे गुण आणि ‘लेव्हल’ म्हणून जे आकडे तुम्ही हौसेने वाढवत होता, ते हिंसेचं मोजमाप होतं.

झाडीपट्टीला यात नवं काय?

इंग्रजी समीक्षकांनी ‘अंडरटेल’मधल्या हसू-रडूच्या मिश्रणाचं खूप कौतुक केलं. वडसा म्हणजे देसाईगंजच्या मंडळींना ते ऐकून नवल वाटणार नाही. धान कापणी झाली की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपट असो की मंडई, रात्री नाटक हवंच, आणि ते उत्तररात्रीपर्यंत चालतं. घरोघरीच्या दुःखाचा प्रसंग ऐन रंगात असताना विनोदी जोडी मंचावर येते, लोक पोट धरून हसतात आणि पाच मिनिटांनी पुन्हा पदर डोळ्यांना लागतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीसाठी. त्यांच्या प्रयोगांची संख्या पाच हजारांवर सांगितली जाते, आणि लोकांच्या तोंडी त्यांचं नाव आहे ते विनोदी भूमिकांमुळे.

त्याही आधीची दंडार. पुराणातले राजे आणि राक्षस गावातलीच माणसं रंगवतात. समोर बसलेल्याला माहीत असतं की हा राक्षस उद्या सकाळी आपल्याच बांधावर धान बांधायला येणार आहे. भूमिकेतला शत्रू आणि गावातला माणूस एकाच वेळी दिसणं, हीच दंडारीची मजा. टोबी फॉक्सने ‘मदरबाउंड’ नाही, तर ‘अर्थबाउंड’ या १९९४च्या जपानी गेमपासून प्रेरणा घेतल्याचं सांगितलं आहे (नावांचा गोंधळ नेहमीचा, कारण जपानमध्ये ती मालिका ‘मदर’ म्हणून ओळखली जाते). त्याने दंडार पाहिली असण्याची शक्यता शून्य. पण शत्रूच्या चिलखताआड शेजारी दिसावा ही युक्ती दोघांकडे सारखीच आहे.

मोबाइलवर खेळता येतो का?

नाही. हा भाग नीट वाचावा. ‘अंडरटेल’ कॉम्प्युटर, प्लेस्टेशन, निन्टेन्डो स्विच आणि एक्सबॉक्सवर मिळतो. अँड्रॉइड किंवा आयफोनसाठी अधिकृत आवृत्ती निघालेली नाही. त्यामुळे टेलिग्राम चॅनेलवर किंवा कुठल्या संकेतस्थळावर ‘अंडरटेल मोबाइल फ्री’ म्हणून जी एपीके फाइल फिरते, ती कंपनीची नाही. अशी फाइल टाकताना फोन ‘अज्ञात स्रोत’ची परवानगी मागतो. त्याच फोनवर यूपीआय आणि बँकेचे ओटीपी येत असतील तर ती परवानगी देऊ नये.

कॉम्प्युटरवर मात्र हा गेम फार थोडक्यात भागवतो. साधारण २०० एमबी जागा आणि २ जीबी रॅम, म्हणजे घरातला जुना लॅपटॉपही चालेल. एकदा उतरवला की इंटरनेट लागत नाही, त्यामुळे टॉवरची रेंज येते-जाते अशा गावातही अडचण नाही. अधिकृत संकेतस्थळावर सुरुवातीच्या भागाचा मोफत डेमो आहे. भाषा फक्त इंग्रजी आणि जपानी. संवाद भरपूर आहेत, पण वाक्यं छोटी आणि सोपी. आठवी-नववीच्या मुलाला शब्दकोश जवळ ठेवून जमावं.

ज्यांनी हा संपवला आहे त्यांच्यासाठी ‘डेल्टारून’ आहे. त्याच निर्मात्याचा हा गेम भागांमध्ये येतो आणि ४ जून २०२५ रोजी त्याचे तिसरे-चौथे भाग आले. तिसऱ्या भागाच्या शेवटी पुन्हा एक नाइट उभा राहतो. पाण्याचा कूलर नाही, अंगाई नाही, कुजबुजायला कान नाही. बहुतेक खेळाडू पहिल्या काही फेऱ्यांत आडवे होतात. घाबरून ‘पुन्हा सुरू करा’ दाबण्याची गरज नाही, हरलात तरी गोष्ट पुढे जाते.